अबोल वेदनेचा इतिहास

पुण्याहून मिरज, बेळगाव, हुबळी अशी गावे एकामागून एक मागे टाकीत निघालेली आगगाडी बंगळूरच्या वेशीवर येते, तेव्हा मुख्य स्थानकाच्या अलीकडे यशवंतपूर लागते. ह्या वाटेचा पुण्याकडील भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'सदर्न मराठा रेल्वे' ह्या नावाच्या कंपनीने बांधला. तेव्हापासून मराठी मुलुखाचे आणि ह्या नगराचे दळणवळण अखंड चालू आहे. येथील बाजार समितीच्या आवारात महाराष्ट्रातला कांदा उतरतो आणि स्थानकाच्या फलाटावर नोकरीधंद्यानिमित्त आलेली मराठी माणसे उतरतात. ह्याच परिसरात आज मोठमोठी रुग्णालये उभी आहेत, आणि त्यांत नवजात बालकांसाठी अतिदक्षता कक्ष आहेत.

अशा कक्षात आपण क्षणभर मनाने प्रवेश करू या. काचेच्या पेटीत किलोभर वजनाचे, अपुऱ्या दिवसांचे एक अर्भक निजलेले असते. त्याच्या नाकातोंडात नळ्या असतात आणि त्या जागी राहाव्यात म्हणून गालांवर चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. दिवसातून अनेक वेळा त्याच्या टाचेत सुई टोचून रक्त काढतात. डोक्यावर दिवे जळत असतात आणि यंत्रांच्या घंटा रात्रंदिवस वाजत असतात. हे सारे त्याच्या जिवासाठीच चाललेले असते, ह्यात संशय नाही. परंतु बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या आईच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो: ह्याला दुखत असेल का?

हा प्रश्न इतका साधा आहे की त्याला इतिहास असेल असे कोणास वाटणार नाही. वस्तुतः त्याला इतिहास आहे, आणि तो वैद्यकशास्त्राला अंतर्मुख करणारा आहे. कारण विसाव्या शतकात बराच काळ ह्या प्रश्नाचे शास्त्रसंमत उत्तर 'बहुधा नाही' असे होते.

आपल्याकडील जुन्या घरांतून हा प्रश्न कोणी विचारला नसता. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल कापसात गुंडाळून, शेगडीच्या उबेत, आईच्या कुशीत ठेवावे, त्याला वाऱ्यापासून व गलबल्यापासून जपावे, हे सुईणीला ठाऊक होते. नवजात बालकाच्या जिभेवर काही गोड चाटवण्याची रीत होती. पुढे ह्या गोडाचा उल्लेख पुन्हा येणार आहे. म्हणून येथेच सांगून ठेवले पाहिजे की एक वर्षाखालील बालकास मध देणे धोक्याचे असते, आणि आजचे वैद्य त्यास स्पष्ट मनाई करतात. जुन्या घराला मुलाचे दुःख कळत होते. मात्र त्याला वाचविण्याचे साधन त्या घरापाशी नव्हते. आनंदीबाई जोशी ह्यांचे पहिले मूल अवघे दहा दिवस जगले. योग्य उपचारांच्या अभावी झालेल्या त्या मृत्यूने आनंदीबाईंच्या मनात वैद्यकीचे बीज रोवले, आणि १८८६ साली त्या अमेरिकेतून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. करुणा होती पण विद्या नव्हती, असा तो काळ होता. त्यानंतरच्या काळात विद्या आली. पण ती येताना करुणेचा हात काही काळ सुटला, ही ह्या इतिहासाची खरी शोकांतिका होय.

विद्येचा आरंभ पॅरिसमध्ये झाला. तेथील प्रसूतिगृहाचे प्रमुख स्तेफान तार्निए ह्यांनी प्राणिसंग्रहोद्यानात कोंबडीची अंडी उबविण्याची यंत्रे पाहिली, आणि १८८० च्या सुमारास तशाच धर्तीची ऊबदार पेटी अर्भकांसाठी तयार करवून घेतली. तिच्यामुळे दुबळ्या अर्भकांच्या मृत्यूचे प्रमाण पुष्कळच घटले. त्यांचे शिष्य प्येर ब्यूदँ ह्यांनी आईच्या दुधाचा आणि आईच्या सहवासाचा आग्रह धरला. मूल पेटीत गेले आणि आई दूर राहिली की तिचा त्याच्याशी असलेला धागा विरत जातो, हे त्यांनी ओळखले होते. परंतु पुढच्या पिढीने गुरुशिष्यांपैकी पेटी तेवढी उचलली. अमेरिकेत मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी १९०३ पासून १९४३ पर्यंत न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड ह्या जत्रेच्या ठिकाणी काचेच्या पेट्यांतील अर्भकांचे प्रदर्शन मांडले. लोक तिकीट काढून ती पाहावयास येत आणि त्या पैशांवर मुलांची शुश्रूषा चाले. आईबापांकडून एक पैही घेतली जात नसे. त्या प्रदर्शनाने पुष्कळ जीव वाचविले, हे खरे. तथापि मूल काचेआड आणि माणसे काचेबाहेर, ही रचना त्यानंतर रुग्णालयांतही रूढ झाली. जंतुसंसर्गाच्या भयाने आईलाही कक्षाबाहेर थांबावे लागले.

ह्याच सुमारास शास्त्रज्ञांच्या मनात एक कल्पना घर करीत होती. जर्मनीतील लाइप्झिगचे पाउल फ्लेक्सिग ह्यांनी दाखवून दिले होते की जन्माच्या वेळी मेंदूतील पुष्कळशा मज्जातंतूंवरील स्निग्ध आवरण अपुरे असते. ते निरीक्षण बरोबर होते. परंतु त्यावरून इतरांनी असा तर्क केला की आवरण नाही तर वहन नाही, आणि वहन नाही तर वेदनाही नाही. १९४१ साली अमेरिकेतील मर्टल मॅक्ग्रॉ ह्यांनी अर्भकांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रियांची नोंद प्रसिद्ध केली. पहिल्या काही दिवसांत ह्या प्रतिक्रिया मंद व विस्कळीत असतात, असे त्यांना आढळले. ज्याला आपले दुखणे नीट दाखविता येत नाही त्याला ते होतही नाही, असा अर्थ त्यातून काढला गेला. मुक्याचे मौन हीच त्याची साक्ष ठरली.

येथे कोणाच्याही हेतूविषयी अन्याय होऊ नये. ह्या समजुतीच्या मुळाशी क्रौर्य नव्हते, भय होते. त्या काळची भूल देण्याची औषधे लहानग्या जिवाला पेलत नसत. शस्त्रक्रियेपेक्षा भुलेनेच मूल दगावण्याची धास्ती असे. १९५० मध्ये इंग्लंडातील लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस ह्यांनी नवजात अर्भकांसाठी हलकी भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध ह्यांवर आधारलेली पद्धती मांडली, आणि तिने अनेक शस्त्रक्रिया सुकर झाल्या. पण पुढे जागोजागी 'हलकी भूल' इतकी हलकी होत गेली की काही अर्भके केवळ निश्चल होत, बधिर होत नसत. जे मूल हलू शकत नाही व रडू शकत नाही, त्याचे दुःख कोणास दिसणार?

सद्हेतूही जपून वापरावा लागतो, ह्याचा आणखी एक दाखला त्याच काळात घडला. १९४२ साली बोस्टनचे टेरी ह्यांनी अपुऱ्या दिवसांच्या मुलांत आढळणाऱ्या एका नव्या अंधत्वाचे वर्णन केले. डोळ्याच्या पडद्यावरील कोवळ्या रक्तवाहिन्या विकृत वाढून हे अंधत्व येई. पेट्यांतून सढळ हाताने दिलेला प्राणवायू हे त्याचे मोठे कारण आहे, हे १९५० नंतरच्या चार-पाच वर्षांत सिद्ध झाले. तोपर्यंत जगातील सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली होती. जीव वाचविणाऱ्या हातानेच इजा होऊ शकते, हा धडा तेव्हाच मिळाला होता. वेदनेच्या बाबतीत तो गिरविण्यास मात्र आणखी तीस वर्षे लागली.

ज्या तरुण वैद्याने तो गिरविला त्याचा संबंध होळकरांच्या इंदूरशी आहे, हे मराठी श्रोत्यास ऐकून आनंद वाटेल. कंवलजीत सिंग आनंद हे इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले. नवजात कक्षात काम करीत असता त्यांच्या लक्षात आले की शस्त्रक्रियेसाठी पाठविलेली अर्भके परत येतात ती करड्या पडलेल्या कातडीने, क्षीण नाडीने आणि अडखळत्या श्वासाने. शस्त्रक्रिया तर यशस्वी झालेली असे. मग ही दुर्दशा कशाने? चौकशी करता त्यांस कळले की ह्या बालकांना जवळजवळ वेदनाशामक न देताच चिरलेले असते.

आनंद व त्यांचे सहकारी ह्यांनी हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया व्हावयाच्या सोळा अर्भकांची पाहणी केली. नेहमीची हलकी भूल सर्वांनाच दिली. त्यांतील आठांना तिच्या जोडीला फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक दिले. दोन्ही गटांच्या रक्तातील तणावाची द्रव्ये मोजली. ज्यांना वेदनाशामक मिळाले नव्हते त्यांच्या शरीरात जणू वणवा पेटला होता, आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही त्यांनाच अधिक झाले. १९८७ च्या जानेवारीत हा निबंध लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुलाने रडून सांगितले नव्हते ते त्याच्या रक्ताने सांगितले. पुढे आनंद व हिकी ह्यांनी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४५ नवजातांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध केला. त्यात गाढ भूल दिलेल्या ३० बालकांपैकी एकही दगावले नाही. हलकी भूल दिलेल्या १५ पैकी चार दगावली. ज्या भुलेचे भय वाटत होते तिच्या अभावाचेच भय बाळगावयास हवे होते, असे निष्पन्न झाले.

शास्त्राबरोबर एका मातेचा आवाजही ह्या परिवर्तनास कारण झाला. १९८५ मध्ये अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या एका बालकावर वेदनाशामकाविना शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवड्यांनी ते मृत्यू पावले. आपल्या मुलाला केवळ निश्चल करण्याचे औषध दिले होते, हे आईला मागाहून समजले. तिने गाऱ्हाणे घेऊन दारोदार पत्रे लिहिली. पुढल्या वर्षी वर्तमानपत्रांतून ही हकीकत प्रसिद्ध झाली आणि समाज हादरला. १९८७ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने जाहीर केले की नवजातांना भूल सुरक्षितपणे देता येते, आणि केवळ वयाच्या सबबीवर ती नाकारू नये.

जुना तर्क कोठे चुकला होता, हेही ह्या संशोधनाने उलगडले. प्रौढ माणसातदेखील वेदनेचा पुष्कळसा भाग आवरणहीन किंवा पातळ आवरणाच्या तंतूंतूनच वाहतो. आवरण नसल्याने संदेशाची गती मंदावते, संदेश थांबत नाही. आणि एवढ्याशा देहात त्याला कापावयाचे अंतरही थोडेच असते. उलट, वेदनेला आवर घालणाऱ्या, मेंदूकडून खाली येणाऱ्या वाटा अशा अर्भकात अजून तयार झालेल्या नसतात. लंडनच्या मारिया फिट्झजेराल्ड व त्यांचे सहकारी ह्यांना १९८९ मध्ये आढळले की वारंवार टोचलेली टाच ही न टोचलेल्या टाचेपेक्षा कितीतरी हळवी होते. निम्म्या दाबानेच मूल पाय आखडून घेते. म्हणजे सुई सवयीने सोसवेनाशी होते. लहान जिवाला कमी दुखते हा समज अशा रीतीने पुरता उलटा ठरला.

मग सर्व अर्भकांना वेदनाशामके द्यावीत म्हणजे झाले, असे कोणास वाटेल. इतके ते सोपे नाही. कृत्रिम श्वसनयंत्रावरील ८९८ बालकांना सरसकट मॉर्फिन देऊन पाहिलेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००४ साली आनंद ह्यांनीच प्रांजळपणे मांडले. मेंदूतील गंभीर रक्तस्राव व मृत्यू त्याने टळले नाहीत, आणि काहींचा रक्तदाब उतरला. शस्त्रक्रियेसाठी भूल हवीच. परंतु रोजच्या दहा-पंधरा लहान टोचण्यांवर जालीम औषध हा उपाय नव्हे. आणि खरा भार ह्या लहान टोचण्यांचाच असतो. पॅरिस परिसरातील तेरा कक्षांतल्या ४३० नवजातांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एकेका बालकास रुग्णालयातल्या प्रत्येक दिवशी साधारणपणे दहा वेदनादायक उपचार सोसावे लागतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या वेळी त्यावर खास उतारा दिला जात नाही, असे दिसून आले.

येथे शास्त्र वळसा घेऊन पुन्हा जुन्या घराच्या दाराशी आले. १९९१ साली अमेरिकेतील ब्लास व हॉफमायर ह्यांनी दाखविले की जिभेवर साखरेच्या पाण्याचे थोडे थेंब ठेवले असता टाच टोचताना नवजात बालक कमी रडते. बोस्टनच्या हायडेलिसे आल्स ह्यांनी १९८० नंतर प्रत्येक अर्भकाच्या हालचाली वाचून त्यानुसार शुश्रूषा आखावी, असे प्रतिपादन केले. दिवे मंद करावे, आवाज उतरवावा, हातपाय पोटाशी घेऊन मुटकुळे करून धरावे, झोपेत व्यत्यय आणू नये, अशा साध्या गोष्टींची त्यांनी पद्धतशीर विद्या केली. आणि दक्षिण अमेरिकेतील बोगोटा येथे एदगार रेय ह्यांनी १९७८ मध्ये, पेट्या पुरेनात म्हणून, अर्भके आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. गरिबीने सुचविलेल्या ह्या युक्तीला 'कांगारू मातृनिगा' असे नाव मिळाले. पुढे असे दिसून आले की आईच्या त्वचेला बिलगलेले मूल सुई टोचली तरी कमी कळवळते.

आपल्या मुंबईने ह्या कामी जो वाटा उचलला तो अभिमानास्पद आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी आईला शुश्रूषेत सामावून घेतले आणि १९८९ साली मातृदुग्धपेढी स्थापन केली. आशियातील ती पहिली होय. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुमन राव, डॉ. रेखा उदानी व डॉ. रुची नानावटी ह्यांनी दोन किलोंहून कमी वजनाच्या २०६ बालकांवर कांगारू निगेचा पद्धतशीर प्रयोग केला आणि २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आईच्या छातीशी वाढलेल्या मुलांचे वजन दिवसाला सरासरी सुमारे २४ ग्रॅमने वाढले, इतरांचे सुमारे १६ ग्रॅमने. ह्याच रुग्णालयातून २०१३ साली आलेला दुसरा निबंध तर आपल्या विषयाच्या थेट गाभ्याला हात घालतो. अतिशय कमी वजनाच्या अर्भकाच्या कातडीवरून चिकटपट्टी काढणे हीसुद्धा वेदना आहे, आणि ती शमविण्यात आईची कूस व आईचे काढलेले दूध ह्यांत डावेउजवे करता येत नाही, असे त्यात दिसून आले. चिकटपट्टीचे दुःख मोजण्याजोगे वाटावे, ह्यातच केवढा मोठा पालट सामावला आहे!

परळचे हे ज्ञान बंगळूरलाही पोहोचले. डॉ. सुमन राव पुढे तेथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात आल्या, आणि कांगारू निगेचा प्रसार कर्नाटकाच्या कोप्पळसारख्या मागास जिल्ह्यापर्यंत करण्याच्या कामात त्यांचा सहभाग राहिला. यशवंतपूरला लागूनच असलेल्या राजाजीनगरात नारायण नेत्रालय आहे. तेथील डॉ. आनंद विनेकर ह्यांनी २००८ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे डोळे तपासण्याची एक योजना सुरू केली. प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन गावोगावच्या कक्षांत जातात, डोळ्याच्या पडद्याची चित्रे काढतात आणि ती दूरवर बसलेल्या तज्ज्ञाकडे पाठवितात. टेरी ह्यांनी वर्णिलेल्या त्याच अंधत्वाला थोपविण्याची ही धडपड आहे. जन्मापासून तीस दिवसांच्या आत ही तपासणी व्हावी, असा आपल्याकडील दंडक आहे. पापण्या चिमट्याने उघड्या धरून होणारी ही तपासणी बालकास त्रासदायक असते. पण ती टाळली तर दृष्टी जाते. म्हणून डोळ्यात बधिर करणारे थेंब घालावे, बालकाला कापडात घट्ट लपेटावे, जिभेवर आईचे दूध किंवा साखरेच्या पाण्याचे थेंब ठेवावे, हाताने धीर द्यावा आणि मग तपासावे. आवश्यक दुःख आणि अनावश्यक दुःख ह्यांतील भेद ओळखणे, हाच ह्या साऱ्या विद्येचा सारांश म्हणता येईल.

ह्या विचाराला नुकतेच मोठे पाठबळ मिळाले. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३,२११ दुर्बल अर्भकांचा समावेश होता. आपल्याकडून दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात सहभागी होते. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मापासूनच आईच्या छातीशी ठेवलेल्या मुलांत २८ दिवसांतील मृत्यू १२ टक्के झाले. नेहमीच्या पद्धतीत ते १५.७ टक्के होते. त्यासाठी आईचा बिछानाच अतिदक्षता कक्षात आणावा लागला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने हीच शिफारस जगासमोर ठेवली. काचेने शतकभर दुरावलेली आई अशा रीतीने पुन्हा आत आली.

तरीही ही कथा सुफळ संपूर्ण झाली, असे म्हणवत नाही. भारतात दरवर्षी सुमारे ३० लाख मुले अपुऱ्या दिवसांची जन्मतात. जगात अन्य कोणत्याही देशात इतकी नाहीत. एकेका परिचारिकेवर अनेक बालकांचा भार असतो. टोचण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून जिभेवर दुधाचे थेंब ठेवावयास, आईला हाक मारावयास, दोन तपासण्यांचे रक्त एकाच टोचणीत काढावयास उसंत लागते, आणि उसंत ही आपल्या रुग्णालयांतील सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे. यंत्र देणगीतून मिळते. उसंत ही मनुष्यबळातून आणि मनोवृत्तीतून निर्माण करावी लागते.

यशवंतपूरच्या, परळच्या किंवा एखाद्या तालुक्याच्या गावच्या कक्षाबाहेर उभी असलेली आई जेव्हा विचारते, 'ह्याला दुखत असेल का?', तेव्हा तिला 'काही होत नाही हो, ह्यांना कळत नसते' असे उत्तर देण्याचा काळ आता मागे पडला आहे. खरे उत्तर असे आहे: होय बाई, दुखते, तुमच्याआमच्यापेक्षा अधिकच दुखत असेल. म्हणूनच हात स्वच्छ धुऊन आत या, आणि त्याला छातीशी धरा. वेदना आम्ही सर्वस्वी टाळू शकत नाही. पण ती त्याने एकट्याने सोसू नये, एवढे तुमच्याआमच्या हाती आहे.